द्राक्षाच्या पेटीवरचा क्ष

माझ्या बिलावर 'अक्षररचना आणि सुलेखन' असं छापलेलं असतं. घरी मात्र कोणी विचारलं तर "कॉम्प्युटरवरचं काहीतरी करते" एवढंच सांगतात. मीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत ड्राफ्टिंगला, म्हणजे यंत्रभागांची ड्रॉइंग काढायला लागले. सहा वर्षं जिग-फिक्श्चरची, म्हणजे मशीनवर काम पकडून ठेवणाऱ्या साच्यांची ड्रॉइंग काढली. काम वाईट नव्हतं, पण मी टायटल ब्लॉकमधली, म्हणजे ड्रॉइंगच्या नाव-माहितीच्या चौकटीतली अक्षरं सरळ करत बसायचे आणि साहेब म्हणायचे, "मॅडम, अक्षरं राहू द्या, मापं तपासा." २०२० च्या लॉकडाउननंतर ऑर्डरी आटल्या. ज्यांना आधी घरी पाठवलं त्यांत मी होते.

चार महिन्यांनी पंचवटीतल्या एका फ्लेक्सवाल्याकडे ऑपरेटर म्हणून बसले. डिप्लोमा केलेली मुलगी बॅनर बनवते म्हटल्यावर आईला सोसायटीत अवघडल्यासारखं व्हायचं. मलाही ते दिवस फुकट चालले असंच वाटे. श्रीलिपीचे मराठी फाँट, डिझाइनला कोरलड्रॉ आणि दिवसाला पंधरा वाढदिवस, त्यातले दहा 'भावी' कोणीतरी. पण संध्याकाळी स्कूटरवरून निमाणीच्या सिग्नलपाशी आले की मीच केलेला बॅनर वर टांगलेला दिसायचा आणि वाचता यायचा नाही! शिरोरेखा जाड केली की अक्षराचं पोट बुजतं, अनुस्वार आणि रफार लांबून डाग वाटतात, हे मला कुठल्या वर्गात नाही, त्या सिग्नलला थांबून कळलं. मी गुपचूप फाँटची अक्षरं फोडून नव्याने जोडायला लागले. मालकांना फक्त उशीर दिसत होता.

तिथेच एक दिवस दिंडोरीकडचे एक बागायतदार आले. हातात घडी केलेली रिकामी पेटी. म्हणाले, "ताई, एवढं वाचून दाखवा." 'द्राक्षे' लिहिलं होतं, पण द्र च्या खालचा कोपरा आणि क्ष ची गाठ शाईने गच्च भरली होती. त्यांच्या घरच्या पोराने विचारलं होतं, "दादा, आपण विकतो काय?"

पुठ्ठ्याच्या पेट्यांवर फ्लेक्सोची छपाई होते. प्लेट मऊ असते, दाब पडला की रेघ फुगते, त्यात पुठ्ठा शाई पितो. पडद्यावर सुबक दिसणारी गाठ पेटीवर ठिपका होते. आता 'द्राक्षे' या एका शब्दात दोन जोडाक्षरं, तीही अशी गुंतलेली! तीन आठवडे रात्री तेवढंच केलं. कंपनीत शाफ्ट आणि भोकात क्लिअरन्स, म्हणजे थोडी फट सोडायचो, तशी इथे सोडली. रेघ फुगणारच, तर आधीच बारीक धरायची. आतल्या कोपऱ्यांना छोट्या खाचा दिल्या, म्हणजे जादा शाई तिथे मुरते. पहिल्या प्रूफला क्ष इतका मोकळा केला की तो झ वाटायला लागला. 'द्राझे' बघून बागायतदार खूप हसले, मी घरी येऊन रडले. तिसऱ्या प्रूफला जमलं. तीन हजार रुपये आणि एक पेटी माल मिळाला.

त्यांच्या ओळखीने आणखी दोघं आले, तेव्हा नोकरी सोडली. घाईच केली. हे काम द्राक्षाच्या वेळापत्रकावर चालतं, हे लक्षातच आलं नव्हतं. ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी छाटणी उरकली की फोन सुरू होतात, जानेवारी ते एप्रिल माल निघतो, मग पावसाळाभर शुकशुकाट. अवकाळी पाऊस आला की बागायतदाराइतकीच मीही धास्तावते. पहिल्या पावसाळ्यात अंगठी मोडली.

म्हणून मुखपृष्ठं आणि हौशी नाटकांची शीर्षकं घ्यायला लागले. लहानपणी पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींत सुलेखनकार कमल शेडगे यांची अक्षरं मी कापून वहीत चिकटवायचे, ती वही तेव्हा बाहेर निघाली. पैशाच्या बाबतीत मात्र एका प्रकाशकाने चांगला धडा दिला. मुखपृष्ठाचे पैसे आठ महिन्यांनी आले, तेही १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर कापून, आणि तो आयकर खात्याकडच्या माझ्या २६एएस या नोंदीत दिसेचना. कापला होता, भरला नव्हता. सीएकडे गेले, तर त्यांनी आधी छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करायला लावली. ऑनलाइन होते, फी नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. २०२४ पासून तर मुदत टळून वर्षअखेरही थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे हल्ली समोरचा अकाउंटंटच माझा उद्यम नंबर मागतो. आता काम सुरू करताना निम्मे पैसे घेते. मागताना अजून घसा कोरडा पडतो.

परवा तेच बागायतदार आले. यंदा नवं वाण, नवी पेटी, पण पावसाने माल अर्धाच राहिलेला. "पेट्या निम्म्याच छापायच्यात ताई, बिलपण निम्मं करा."

"दादा, क्ष तेवढाच लागतो."

त्यांनी बिल पूर्ण दिलं. यंदा द्राक्षं मात्र विकत आणली.