तिसरी प्रत

त्या पुस्तकात सहा जणांची हस्ताक्षरं होती. मी मोजली. दोन पेन्सिलीतली, तीन बॉलपेनची आणि एक हिरव्या जेल पेनाचं, जे समोरच्या पानावरही उमटलं होतं. पुस्तक होतं 'डेड एव्हर आफ्टर', शार्लेन हॅरिस यांच्या व्हॅम्पायर मालिकेतलं तेरावं आणि शेवटचं. आमच्याकडच्या आठ प्रतींपैकी ही तिसरी. २०१३ चा ऑगस्ट, सकाळचे साडेनऊ, वाचनालय उघडायला अर्धा तास बाकी.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागात काम करते. तेव्हा मला तिथे सहा वर्षं झाली होती. माणसांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत. पुस्तकाचे बदललेले नाहीत.

आमचं काम म्हणजे पुस्तकं देणं, असं लोकांना वाटतं. देणं सोपं असतं. खरं काम परत घेताना असतं. आलेलं पुस्तक कसं पाहायचं हे माझ्या आधीच्या बाईंनी मला शिकवलं. दोन्ही पुठ्ठे धरून पुस्तक उलटं करायचं आणि पानं सैल सोडायची, म्हणजे आत राहिलेल्या चिठ्ठ्या, बिलं, फोटो खाली पडतात. मग कण्याजवळच्या घडीत बोट फिरवायचं. पुस्तकाला पाणी लागलं असेल तर डोळ्यांना दिसायच्या आधी ते बोटाला कळतं. मग अंगठ्याखालून सगळी पानं सोडायची, एकदा वरच्या कोपऱ्यातून, एकदा खालच्या. पेन्सिलीची खूण असेल तर पांढऱ्या मऊ खोडरबरानं कण्याकडून कडेकडे पुसायची. उलट दिशेनं पुसलं की पान कण्याशी चुरगळतं आणि पुढच्या दोन वाचकांत फाटतं. पुसता न येणारं काही असेल तर आतल्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवायची: अमुक पान, कॉफीचा डाग, नोंद घेतली, तारीख, सही. ही चिठ्ठी फार महत्त्वाची. ती असली की पुढच्या वाचकावर आळ येत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे परतीचं यंत्र बसलं. लोक बाहेरच्या खिडकीतून पुस्तक सरकवतात, पट्टा ते आत आणतो, यंत्र चिप वाचून पुस्तक वाचकाच्या खात्यावरून उतरवतं आणि कोणाचा होल्ड, म्हणजे आगाऊ मागणी, असेल तर वेगळ्या पेटीत टाकतं. पुस्तक कोणी उघडतच नाही. तासाला किती पुस्तकं परत घेतली याचे आकडे मात्र छान दिसतात, आणि आमच्या वरिष्ठांना नगरपालिकेपुढे तेच दाखवायचे होते. मला ते यंत्र तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. नव्या पुस्तकाची मुदत १४ दिवस. मे ते ऑगस्ट ती प्रत सहा जणांकडे जाऊन आली, सहाही जणांनी तिच्यात लिहिलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही नजरेला ते पडलं नाही. त्या दिवशी यंत्र दुरुस्तीला काढलं होतं म्हणून मी परती हातानं घेत होते. एवढ्यानं ते सापडलं.

ही मालिका मला आमच्या इमारतीत सर्वांत जास्त माहीत होती, आणि याचा मला अभिमान आहे. पहिलं पुस्तक २००१ चं, शेवटचं ७ मे २०१३ चं. तेराही पुस्तकांच्या नावात 'डेड' हा शब्द. 'क्लब डेड' कितवं आणि 'डेड अ‍ॅज अ डोअरनेल' कितवं, हे नावावरून कोणाला कळणार? त्यात सहाव्या पुस्तकात नायिकेची आतेबहीण आधीच मेलेली असते, आणि ती कशी मेली हे एका वेगळ्या संग्रहातल्या लघुकथेत आहे. वाचक काउंटरवर येऊन विचारायचे, मधलं एखादं पुस्तक माझ्याकडून राहिलं का? शिवाय काही प्रती रहस्यकथांत, काही कल्पनारम्य विभागात, काही पेपरबॅकच्या फिरत्या मांडणीवर. मी एका हिवाळ्यात त्या सगळ्या गोळा केल्या, एका फळीवर आणल्या, प्रत्येकीच्या कण्यावर क्रमांक लावला आणि ती लघुकथा कुठे मिळेल याची चिठ्ठी सहाव्यात ठेवली. २००८ मध्ये एचबीओ वाहिनीवर या पुस्तकांवरची 'ट्रू ब्लड' मालिका सुरू झाली तेव्हापासून ती फळी कधी भरलेली मी पाहिली नाही.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लुइझियानातलं एक लहान काल्पनिक गाव. जपानमध्ये कृत्रिम रक्त तयार झाल्यामुळे व्हॅम्पायर आता उघडपणे माणसांत राहतात. सूकी स्टॅकहाऊस ही बारमध्ये वाढप करणारी मुलगी. तिला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं आणि त्यानं ती दमून गेली आहे. एक दिवस बारमध्ये बिल नावाचा व्हॅम्पायर येतो आणि त्याच्या मनातलं तिला काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेसाठी ती त्याच्याजवळ जाते. नऊ तास काउंटरवर लोकांचं ऐकून घरी गेलेल्या बाईला ही कल्पना किती खरी वाटते ते मी सांगू शकते. पुढे बिलचा विश्वासघात कळतो. मग एरिक येतो, हजार वर्षांचा व्हायकिंग व्हॅम्पायर. चौथ्या पुस्तकात त्याची स्मृती जाते आणि तो आपलं सगळं मोठेपण विसरून सूकीच्या घरात साध्या माणसासारखा राहतो. बहुतेक वाचक तिथे त्याच्या प्रेमात पडले आणि पुढची नऊ पुस्तकं तो एरिक परत यायची वाट पाहत राहिले. शेवटी एरिकला ओक्लाहोमाच्या राणीशी लग्न करून जावं लागतं आणि सूकी सॅमची होते, तिच्या बारच्या मालकाची, जो पहिल्या पुस्तकापासून तिथेच उभा होता.

हा शेवट प्रकाशनाच्या आधीच फुटला. आमच्याकडे पुस्तकांची खोकी आली होती, पण ठरलेल्या मंगळवारच्या आधी उघडायची नाहीत असा प्रकाशकाचा नियम, म्हणून ती मागच्या खोलीत सीलबंद पडली होती. आणि बाहेर लोकांना सगळं कळलेलं. दुकानांकडे नोंदवलेल्या ऑर्डरी वाचक रद्द करत होते, आमच्याकडे होल्ड रद्द करायला फोन येत होते. 'फक्त एवढंच सांगा, खरं आहे का?' असं विचारणारेही होते. त्या आठवड्यात आमच्या संदर्भ विभागातल्या एका सहकाऱ्यानं जेवताना म्हटलं, असल्या पुस्तकांवरून मोठी माणसं रडतात याचंच आश्चर्य वाटतं. लोक जे वाचतात त्याला 'असली पुस्तकं' म्हणणाऱ्यानं वाचनालयात काम करू नये, हे माझं मत मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

गिरगावात आम्ही ज्या वाचनालयातून पुस्तकं आणायचो तिथे रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कोणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. लहानपणी मला त्याचा इतका संताप यायचा की पुस्तकात लिहिणारा माणूस मला आजही मुळात वाईट वाटतो. म्हणून ती तिसरी प्रत उघडली तेव्हा मी चिडायच्या तयारीतच होते. पुस्तक टेबलावर ठेवलं, खोडरबर काढलं आणि पुसायच्या आधी वाचायला लागले.

सगळं इंग्रजीतच होतं, मी आशय देते. पहिल्या प्रकरणावर जाड बॉलपेननं: बारा वर्षं वाट पाहिली, ती यासाठी? त्याखाली पेन्सिलीत, लहान अक्षरात: बाराव्याच्या शेवटी तिच्याकडे मागून घ्यायचं एकच वरदान होतं. एरिकला वाटत होतं ती ते त्याच्यासाठी वापरेल. सॅम मरत होता आणि तिनं क्षणभरही विचार न करता त्याला वाचवलं. उत्तर तिथेच मिळालं होतं. याच्या शेजारी हिरव्या शाईत: मरत्या माणसाला वाचवणं म्हणजे प्रेम नव्हे, मी परिचारिका आहे. पुढे पन्नासएक पानं हे असंच चाललेलं. पेन्सिलवाल्या व्यक्तीनं एके ठिकाणी लिहिलं होतं की सूकीला पहिल्या पुस्तकापासून उन्हात पडून राहायला आवडतं, आणि ऊन सोसत नाही अशा माणसाबरोबर ती कायमची कशी राहील? मी मालिका दोनदा वाचली होती. ऊन माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या वाचनालयात दर महिन्याला पुस्तकचर्चा होते, मी खुर्च्या मांडते, आणि इतकी बारकाईची, एकमेकांचं नीट वाचून दिलेल्या उत्तरांची चर्चा मी तिथे एकदाही ऐकलेली नाही.

मग पुढे, एरिकचा भाग संपतो तिथे, पानाच्या खालच्या मोकळ्या जागेत निळ्या बॉलपेननं पाच ओळी होत्या. मलाही चौथ्या पुस्तकातला एरिक हवा होता. स्मृती गेली की माणूस मऊ होतो असं त्यात आहे. माझ्या घरात तसं झालं नाही. माझा नवरा मला ओळखत नाही आणि माझ्यावर चिडतो. तरी मी ते चौथं पुस्तक दर वर्षी वाचते.

त्याखाली काळ्या शाईत, दुसऱ्या हस्ताक्षरात एकच ओळ: आता कसे आहेत ते?

निळं हस्ताक्षर मी ओळखलं. दुसऱ्या वाचनालयातून पुस्तक मागवण्याचा अर्ज आमच्याकडे तेव्हा अजून कागदावर भरायचा होता, आणि त्यातला तो उजवीकडे पडणारा टी मी शंभर वेळा पाहिला होता. त्या बाई दर शनिवारी यायच्या. नवऱ्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

आमचा नियम असा: शाईनं लिहिलेलं पुस्तक वाचनालयातून बाद, आणि किंमत शेवटच्या वाचकाकडून वसूल. आधीच्या वाचकांची नावं यंत्रणेत राहतच नाहीत. पुस्तक परत झालं आणि पुढच्याच्या नावावर चढलं की मागचा धागा तुटतो, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. न्यू जर्सीत वाचकांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचा कायदा आहे, आणि त्या कायद्यावर माझी श्रद्धा आहे. पण त्यामुळे सहा जणांच्या लिहिण्याचं बिल एकीच्या नावावर निघणार होतं. मी वरिष्ठांना म्हटलं, चूक आपली आहे, पाच वेळा आपण पुस्तक न उघडता पुढे दिलं. ते म्हणाले, नियम नियम आहे. मी बिल काढलं.

आणि पुस्तकाचं निर्लेखन त्याच दुपारी केलं. कण्यावरचं लेबल काळं केलं, बारकोड खरवडला, 'बाद' शिक्का मारला. एरवी बाद पुस्तकं आम्ही विक्रीच्या टेबलावर डॉलरला ठेवतो. हे मी ठेवलं नाही. ती निळी पाच ओळींची जागा गावातल्या कोणाच्याही हाती लागली असती आणि माझ्यासारखं कोणीतरी अक्षर ओळखलं असतं. म्हणून मी पुठ्ठे फाडून वेगळे केले आणि पानं स्वतः रद्दीच्या कुलूपबंद पिंपात टाकली. ते करताना मला आपण अगदी बरोबर वागतोय असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी शेवटच्या वाचक आल्या. साठीच्या असतील, शाळेची बस चालवायच्या. बिल हातात होतं. मी स्पष्टीकरण द्यायला सुरुवात केली तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, मी लिहिलंय, एकच ओळ, पण लिहिलंय. पैसे देते. त्यांनी पूर्ण किंमत मोजून दिली, पावती घेतली आणि विचारलं, आता पुस्तक माझं ना? भरपाई दिलेलं पुस्तक वाचकाला नेता येतं, हाही आमचाच नियम आहे. मी तो विसरले नव्हते. कोणी ते मागेल असं मला वाटलंच नव्हतं.

मी सांगितलं की पुस्तक राहिलेलं नाही.

त्या थोडा वेळ काउंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, मला पुस्तक नको होतं. मी परत त्याच प्रतीचा होल्ड लावणार होते, दोन-तीन महिन्यांनी. त्या बाई ते पुन्हा नेतील असं मला वाटत होतं. नेलं का त्यांनी? उत्तर लिहिलं का?

मला त्या बाईंचं नाव माहीत होतं, पत्ता माहीत होता, त्या दोन दिवसांनी, शनिवारी, याच काउंटरवर येणार हेही माहीत होतं. मी म्हटलं, मला हे सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, हो, बरोबर आहे. आणि गेल्या.

शनिवारी निळ्या अक्षराच्या बाई आल्या. चौथं पुस्तक मागितलं. मी ते फळीवरून आणून दिलं. काहीतरी बोलावं असं मनात होतं, पण जे बोलले असते ते मला वाचून कळलं होतं, त्यांनी सांगितलेलं नव्हतं. मी परतीची तारीख सांगितली.

ऑक्टोबरमध्ये 'आफ्टर डेड' आलं. मालिकेतल्या पात्रांचं पुढे काय झालं हे वर्णानुक्रमे सांगणारं छोटं पुस्तक. बहुतेक वाचकांना ते अपुरं वाटलं आणि मलाही वाटलं. आम्ही दोनच प्रती घेतल्या. होल्डच्या यादीत त्या दोघींची नावं होती, मध्ये एकच नाव. मी यादीत हात घातला नाही, हे इथे लिहून ठेवते. निळ्या अक्षराच्या बाईंनी आपली प्रत परत केली तोवर मधल्या वाचकाला दुसरी प्रत मिळालेली होती, आणि ही ओळीनं बस चालवणाऱ्या बाईंच्या नावावर लागली.

त्या दिवशी यंत्र चालू होतं, तरी होल्डच्या पेटीतलं प्रत्येक पुस्तक मी हातानं पाहत होते. ऑगस्टपासून मी तसं करत होते, वेळेचा हिशेब न करता. ते पुस्तक हातात घेतलं. दोन्ही पुठ्ठे धरले. मग तसंच मिटलेलं ठेवून त्यावर बस चालवणाऱ्या बाईंच्या नावाची चिठ्ठी लावली आणि होल्डच्या फळीवर उभं केलं.