आजोबांच्या दाव्याचा हुकूमनामा शोधताना: सोलापूर कोर्टातला माझा अनुभव

सोलापूरच्या साखर पेठेतलं आमचं घर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजूनही दोन भावांच्या नावावर होतं, आणि ते दोघंही केव्हाच गेले. थोरले माझे आजोबा आणि दुसरे धाकटे आजोबा. दोघांत वाटणीचा दावा झाला, पुढे तो मिटला, मधे भिंत आली, भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ते, एवढं घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. कागद मात्र कोणाकडेच नव्हता. वडील होते तोवर कागदाची गरज पडली नाही. आमच्या बाजूचं माळवद पार गळायला लागलं, पाडून बांधायचं ठरलं, कर्जासाठी बँकेत गेलो. बँकेच्या वकिलांनी मिळकत पत्रिका पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "वाटणी झाली म्हणता ना, मग हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणा. तोंडी वाटणीवर मला अहवाल देता येणार नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हुकूमनामा म्हणजे निकालात काय ठरलं ते सांगणारा न्यायालयाचा अधिकृत कागद. आमच्यासारखी घरं सोलापूरच्या पेठांमधून शेकड्यांनी असतील: निकाल लागलेला, माणसं त्याप्रमाणे पन्नास वर्षं राहतायत, पण नगर भूमापनाच्या दप्तरी त्याचा पत्ता नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मोबाईलवरच केली. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडायचा, न्यायालय निवडायचं, मग पक्षकाराचं नाव आणि दाव्याचं वर्ष टाकायचं. आजच्या दाव्यांसाठी ही सोय फार मोठी आहे. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर हातात असला की पुढची तारीख, आदेश, निकाल सगळं घरबसल्या दिसतं. पण आमचा दावा सत्तरच्या दशकातला. संगणक येण्याआधी निकाली निघालेलं प्रकरण तिथे नसणं साहजिक आहे, आणि तिथे दिसलं नाही म्हणून ते प्रकरण नाहीसं झालं असं समजू नये. नाव शोधतानाही एक अडचण येते. आमच्याकडची तेलुगू आडनावं इंग्रजीत चार माणसं चार तऱ्हांनी लिहितात, आणि शोध त्या स्पेलिंगवर चालतो. म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली तीन-चार अक्षरंच टाकून बघावीत.

आजोबांचे वकील हयात नाहीत. त्यांच्या ऑफिसात पूर्वीपासून असलेले कारकून काका अजून कोर्टाच्या आवारात भेटतात, असं कळलं. त्यांना गाठलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "ताई, नंबर आणलाव का? नंबर नसल्यावर कसं सापडंल ओ? नुसतं नावानं हुडकायचं म्हणजे लई अवघड काम."

सगळं अडतं ते या नंबरावर. कोर्टातला प्रत्येक कागद तीन गोष्टींनी ओळखला जातो: कोणतं न्यायालय, कोणत्या प्रकारचं प्रकरण, आणि नंबर व साल. साधा दिवाणी दावा असेल तर रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर), मोठ्या रकमेचा आणि वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांकडे चाललेला असेल तर स्पेशल मुकदमा, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त, अपील असेल तर त्याचा वेगळाच नंबर. आणि न्यायालयही नक्की हवं. मिळकत पंढरपूरची, बार्शीची किंवा अक्कलकोटची असेल तर दावा बहुधा तिथल्या न्यायालयात दाखल झालेला असतो, त्यामुळे चौकशीही तिथूनच सुरू करावी.

नंबर कुठे मिळू शकतो हे काकांनी भराभर सांगितलं. घरी आलेलं समन्स. वकिलांची फाईल. मिळकत पत्रिकेवरचा किंवा फेरफारातला शेरा. दावा चालू असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडेन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेली असेल तर तिच्यातही न्यायालय आणि दाव्याचा तपशील असतो. आमच्या पत्रिकेवर शेरा नव्हता, नोटीसही नोंदलेली नव्हती. शेवटी आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. गिरणीतल्या पगाराच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डं, लग्नपत्रिका यांच्याखाली पिवळं पडलेलं समन्स होतं, आणि त्याला टाचलेली दाव्याची प्रत. समन्ससोबत दाव्याची प्रत देतात, त्यामुळे एकाच कागदात नंबर, साल, न्यायालय, वादी-प्रतिवादींची नावं आणि मिळकतीचं वर्णन, सगळं मिळालं. वादी धाकटे आजोबा होते. हे मला तोवर माहीत नव्हतं. घरात नेहमी "आपल्या आजोबांचा दावा" असंच म्हणत. रजिस्टरात नोंद पहिल्या वादीच्या नावानं असते, म्हणून आजोबांचं नाव घेऊन शोधत बसलो असतो तर हाती काही लागलं नसतं.

नंबर घेऊन गेल्यावर जुन्या दाव्यांचं रजिस्टर पाहिलं गेलं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या नमुन्याप्रमाणे या रजिस्टरात प्रत्येक दाव्याची सगळी हकीकत आडव्या रकान्यांत असते: दाखल तारीख, पक्षकार, मागणी, निकाल, त्यापुढे अपील आणि अंमलबजावणी. आमच्या ओळीत निकालाच्या रकान्यात दावा मंजूर असं होतं. म्हणजे आजोबा हरले होते. मी थोडी गप्पच झाले. पण कारकून काकांचं बोट पुढे सरकलं आणि अपिलाच्या रकान्यावर थांबलं. आजोबांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं होतं, आणि ते तडजोडीनं निकाली निघालं होतं.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. अपिलात निकाल झाला की खालच्या कोर्टाचा हुकूमनामा त्यात विलीन होतो, आणि पुढे चालतो तो अपिलातला हुकूमनामा. आम्ही मूळ दाव्याचाच हुकूमनामा घेऊन बँकेत गेलो असतो तर हिस्से वेगळे, भिंतीची जागा वेगळी आणि प्रत्यक्ष ताबा वेगळा, असा नवाच घोळ उभा राहिला असता. म्हणून जुना निकाल शोधणाऱ्यानं पहिल्या निकालावर थांबू नये. अपील झालं का, दरखास्त झाली का, हे दोन रकाने बघावेतच. वाटणीच्या दाव्यात आणखी एक पाहावं लागतं: हाती आलेला हुकूमनामा प्राथमिक आहे की अंतिम. प्राथमिकात फक्त कोणाचा किती हिस्सा हे ठरतं. कोणती खोली कोणाची, हे अंतिम हुकूमनाम्यात येतं. आमच्या तडजोडीत खोल्यांसकट सगळं लिहिलेलं होतं, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

मधल्या काळात शेजारच्या एका काकांनी माहिती अधिकारात अर्ज टाकायचा सल्ला दिला. तळमळीनं दिला, पण तो रस्ता इथे लागू नाही. न्यायालयीन प्रकरणातल्या कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि न्यायालयाचा रस्ता काही अवघडही नाही. निकालपत्र आणि हुकूमनाम्याची नक्कल पक्षकारांना अर्ज केल्यावर त्यांच्या खर्चानं द्यायची, असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलेलं आहे, आदेश २०, नियम २०. आपण नक्कल मागतो ती हक्कानं मागतो. खिडकीपाशी उभं राहताना हे मनात असलं की आवाज आपोआप नीट निघतो.

नक्कल अर्ज साधा असतो. न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा नंबर, पक्षकार, निकालाची तारीख, कोणत्या कागदाची नक्कल हवी, कशासाठी हवी, साधी की तातडीची. त्यावर कोर्ट फी तिकीट. मी स्वतः पक्षकार नव्हते, म्हणून आजोबांची आणि वडिलांची मृत्यू प्रमाणपत्रं, वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि बँकेचं पत्र जोडलं. वकील न लावता अर्ज स्वतःच्या सहीनं दिला.

कोणत्या कागदाची नक्कल, हा रकाना मात्र घाईत भरू नये. "हुकूमनामा" एवढंच लिहिलं की हुकूमनामाच मिळतो. काकांनी माझ्या हातून लिहवून घेतलं: निकालपत्र, हुकूमनामा, तडजोड पुरसीस (म्हणजे काय ठरलं ते लिहून पक्षकारांनी सह्यांनी कोर्टात दिलेला कागद), आणि पुरसीसला जोडलेला नकाशा. फाईलमधल्या कागदांना निशाणी क्रमांक असतात, ते माहीत असतील तर तेही लिहावेत. सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत, हेही लक्षात ठेवलेलं बरं. जुन्या कागदांची विल्हेवाट लावण्याचा कायदा १९१७ सालचा आहे, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे काही कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. साक्षीपुरावे, किरकोळ अर्ज यांची खात्री धरू नये. आजीची साक्ष झाली होती असं आई सांगते. ती वाचायला मिळाली असती तर मला फार हवी होती.

आणि फार मागचं शोधणाऱ्यांनी या शहराचा इतिहासही ध्यानात ठेवावा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं तेव्हा लोकांच्या रागातून इथली न्यायालयंही सुटली नव्हती, म्हणून त्याआधीचे कागद मिळतीलच असं धरू नये. त्यानंतर मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे फासावर गेले. आमचा दावा पुष्कळ नंतरचा, त्यामुळे आम्हाला त्याची झळ नव्हती.

फाईल अभिलेख कक्षातून यायला वेळ लागला. जुने गठ्ठे काढायचे, त्यातून एक प्रकरण वेगळं करायचं, पानांची खात्री करायची, हे हातानं करायचं काम आहे. पानांच्या हिशेबानं खर्चाचा अंदाज मिळाला, तो भरला, आणि नक्कल तयार झाली.

नकाशा बघून आम्ही सगळेच खुर्च्या ओढून बसलो. कोर्ट कमिशनरनं हातानं काढलेला, फूट-इंचांसह. पुढच्या सोप्यात "मागाची खोली" असं लिहिलेलं, तिथे चार हातमागांची जागा चौकोनांनी दाखवलेली. मागे आड. आड सामाईक ठेवावा आणि दोन्ही कुटुंबांनी पाणी भरावं, असं तडजोडीत स्वतंत्र कलम होतं. आम्ही लहानपणी भिंतीतल्या ज्या छोट्या दारातून पलीकडे जायचो, ते दारही नकाशात होतं. भांडून दुरावलेले भाऊ म्हणून आम्हाला दोघं माहीत होते. कागदावर मात्र खाली दोघांच्या सह्या शेजारी शेजारी आहेत, धाकट्या आजोबांची तेलुगूत, आजोबांची मोडक्या मराठीत. घरात कित्येक वर्षं सांगितली गेलेली कहाणी त्या एका पुरसीसनं बदलली. आईला मी दोनदा वाचून दाखवली.

नक्कल हातात आली की खिडकीपाशीच तपासावी. प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटी खरी नक्कल असल्याचा दाखला, अधिकाऱ्याची सही आणि तारीख आहे का. अशी प्रमाणित नक्कल पुराव्यात मूळ कागदाच्या जागी चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ७५ पासून पुढे आहे. मागे अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख लिहिलेली असते. ज्यांना अपील करायचं आहे त्यांच्यासाठी या तारखा मोलाच्या, कारण नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ मुदतीतून वगळला जातो. झेरॉक्स कितीही काढाव्यात, पण मूळ प्रमाणित नक्कल कोणाच्याही हवाली करू नये, दाखवून परत घ्यावी.

बँकेच्या वकिलांचा पुढचा प्रश्न होता, तडजोड नोंदणीकृत आहे का. दाव्यातल्याच मिळकतीबद्दल न्यायालयात झालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी सक्तीची नसते, हे त्यांनीच कलम काढून पाहिलं आणि समाधान झालं.

नक्कल मागतानाच दोन प्रती मागितल्या होत्या. दुसरी भिवंडीला, धाकट्या आजोबांच्या नातवाकडे पाठवली. त्यांच्याकडून वारसांची कागदपत्रं आली की नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज दोन्ही घरांच्या सह्यांनी जाईल.