फोटो शोधायचा की चित्र काढायचं: आमची वाटचाल

लातूरला गंजगोलाईजवळ वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. संध्याकाळी शेतकरी पिशवीतून एखादं पान काढून गल्ल्यावर ठेवायचे. वडील ते उलटंपालटं करून, उजेडाला धरून पाहायचे आणि मगच बोलायचे. तेच काम व्हॉट्सअ‍ॅपवर करावं म्हणून आम्ही तिघांनी दुकानाच्या माडीवर कंपनी सुरू केली. शेतकऱ्यानं मराठीत विचारायचं, आमच्या प्रणालीनं उत्तर द्यायचं. सुरुवातीला उत्तर नुसतं शब्दांत जायचं. लोक म्हणायला लागले, "दादा, फोटो टाका की."

फोटो आमच्याकडे मोजकेच होते. तेवढ्यात चित्र काढून देणारी एआय मॉडेलं हाताशी आली आणि मोठी अडचण सुटली असं वाटलं. त्या खरिपात एकानं विचारलं, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक कसा दिसतो? प्रणालीनं काही सेकंदांत चित्र काढून पाठवलं. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "तुमच्या फोटोत दिसायलंय तेच माझ्या रानात होतं, म्हणून फवारा मारला. पानं काही सुधरंनात."

आम्ही रानात गेलो. चुनखडीची जमीन, त्यात पाणी साचलेलं. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार. म्हणजे लोहाची कमतरता. मोझॅक हा विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे पडतात. लोह कमी पडलं असेल तर पाण्याचा निचरा करायचा, फेरस सल्फेट फवारायचं. कीटकनाशकाचा तिथं काही उपयोग नाही. मोबाइलवर आमचं चित्र उघडून त्या पानाशेजारी धरलं. मॉडेलनं पिवळे चट्टेही काढले होते आणि शिराही हिरव्या ठेवल्या होत्या. दोन दुखण्यांचं मिळून एक पान, जे कुठल्याच रानात उगवत नाही. फवाऱ्याचे पैसे आम्ही त्या शेतकऱ्याला दिले.

मॉडेल शिकलेल्या असंख्य चित्रांवरून शोभेल असं चित्र घडवतं. ते कधी घडवायचं आणि कधी नाही, हे ठरवणं आमचं काम होतं आणि ते आम्ही केलंच नव्हतं.

मग दोन महिने फक्त त्यावरच बसलो. आता प्रणाली आधी बघते की चित्राची गरज आहे का. हरभऱ्याचा भाव विचारणाऱ्याला चित्र कशाला? गरज असेल तर पुढचा प्रश्न: हे चित्र बघून माणूस आपल्या रानातल्या खऱ्या वस्तूशी ताडून बघणार आहे का? कीड, रोग, तण, बियाणं असेल तर खराच फोटो. साठ्यात तो नसेल तर "आमच्याकडे फोटो नाही, तुमचा पाठवा" असं सरळ सांगायचं. फोटो सापडला नाही म्हणून चित्र काढून द्यायचं नाही, हा नियम मी कुणाला मोडू देत नाही. रुंद वरंबा सरी कशी पाडायची, ठिबकच्या नळ्या कशा टाकायच्या, अशा रचना दाखवायला मात्र काढलेलं चित्र फोटोपेक्षा बरं. त्यावर "काल्पनिक चित्र" असं ठळक लिहितो. मापं आणि मराठी अक्षरं आम्ही वेगळी बसवतो, कारण मॉडेल जोडाक्षरं बरेचदा बिघडवतं.

फोटो शोधणंही वाटलं तेवढं सोपं नव्हतं. ओपनएआय कंपनीनं २०२१ मध्ये क्लिप नावाचं मॉडेल आणल्यापासून शब्द आणि फोटो दोन्ही आकड्यांत बदलून त्यांची जवळीक मोजायची पद्धत रुळली आहे. पण "सोयाबीन पिवळं पडलंय" याला मोझॅक आणि लोहाची कमतरता दोन्ही जवळजवळ सारखेच जवळ. अशा वेळी प्रणाली एक फोटो निवडत नाही. दोन्ही शेजारीशेजारी देते आणि विचारते, शिरा हिरव्या आहेत का?

एका शाळेसाठी असाच मदतनीस करताना चाचणीत आम्ही किल्लारीच्या भूकंपाचं चित्र मागितलं. ढिगाऱ्यावर बसून रडणारी बाई आली, अगदी खरी वाटावी अशी. आमच्यातल्या एकाची आजी ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे माळवदाखाली गेली. तो काही न बोलता उठून बाहेर गेला. जी बाई कधी नव्हतीच, तिचं रडणं आम्ही पोरांना किल्लारी म्हणून दाखवणार होतो. घडलेल्या घटनेचं चित्र काढायचं नाही, हे त्या दिवशी पाच मिनिटांत ठरलं. ज्यांनी फोटो काढलेत त्यांची परवानगी घेऊन तेच दाखवतो. नसेल तर शब्दांत सांगतो.

आता आमचा बराचसा खर्च फोटोंवर होतो. दर फोटोसोबत तालुका, तारीख, वाण आणि पीक किती दिवसांचं ते लिहितो. कृषी पदवीधर तपासतो, मगच तो साठ्यात जातो. चक्रीभुंगा ही कीड सोयाबीनच्या देठावर ज्या दोन खाचा पाडते, त्या टिपायला मागच्या हंगामात तीन चकरा झाल्या. दुपारच्या उन्हात त्या दिसतच नाहीत, सकाळी तिरप्या उजेडात नीट येतात.

एक प्रश्न अजून पडून आहे. शेतकरी विचारतात, तुरीला मर रोग लागलाय, पंधरा दिवसांनी रान कसं दिसेल? ते अजून घडलेलं नाही, म्हणून फोटो नाही. चित्र काढलं तर तो ते आपलंच रान समजून नांगर घालायचा. सध्या दुसऱ्या रानातले, तारखा घातलेले फोटो ओळीनं पाठवतो आणि हे रान तुमचं नाही, एवढं वर लिहितो.