आतून परत आलेला प्रकाश

रात्री पावणेदोनला स्क्रीनवर जो आलेख उमटला तो बघून मी खुर्चीतून उठले आणि होस्टेलच्या खोलीत उगाचच दोन फेऱ्या मारल्या. कृष्णविवरात गेलेला प्रकाश परत आला होता.

कृष्णविवर अर्थात माझ्या लॅपटॉपमधलं. पीएचडीचं दुसरं वर्ष होतं आणि सरांनी हात बसावा म्हणून एक जुनं काम दिलं होतं. १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी न फिरणाऱ्या कृष्णविवरावर, म्हणजे त्याच्या समीकरणांवर, गुरुत्वीय लहरींचे पुंजके सोडून काय परत येतं ते पाहिलं होतं. पुंजका रुंद असेल तर तो फारसा न बदलता परततो. पण त्याची रुंदी कृष्णविवराच्या आकाराच्या जवळपास आणली, की परत येताना त्याच्यामागे एक ठरावीक कंपन लागतं. घंटेवर टोला पडावा तसं, असं सगळे सांगतात. माझं मत वेगळं आहे. मला प्रकाशासाठी तेच करायचं होतं आणि तिथे प्रत्येक आवर्तनात कंपनाची उंची जेमतेम दहावा हिस्सा उरते. ही कसली घंटा? चिरलेल्या मडक्यावर टिचकी मारा, तसा आवाज.

या कंपनाचं मूळ मात्र देखणं आहे. क्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, त्रिज्येच्या बरोबर दीडपट अंतरावर प्रकाश कृष्णविवराभोवती गोल फिरू शकतो. समीकरण मांडलं की नेमकी तिथेच एक टेकडी दिसते. कमी वारंवारतेची लाट टेकडीवर आपटून माघारी येते, जास्त वारंवारतेची पलीकडे उतरून क्षितिजाकडे जाते.

तीन आठवडे मी रुंद पुंजके सोडत होते. ते शहाण्यासारखे परत यायचे, ऊर्जेचा हिशेब जुळायचा. कोड चालतोय म्हणून मीही खूश. त्या रात्री पहिल्यांदा पुंजक्याची रुंदी वीसवरून दोनवर आणली. (आमचं अंतराचं एकक म्हणजे क्षितिजाच्या त्रिज्येच्या निम्मं. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी सुमारे दीड किलोमीटर. प्रकाशाला तेवढं जायला लागतो तो वेळ हे वेळेचं एकक.) कंपन दिसलं. त्याची वारंवारता ०.२४८ आली, पुस्तकात आहे तीच. मग रेघ विझत विझत शांत झाली. आणि मग, सगळं संपल्यावर, पुन्हा एक ठसठशीत फुगवटा. बराच वेळ गेल्यावर आणखी एक, थोडा बुटका आणि पसरट.

मला हे चित्र ओळखीचं होतं, पंचाईत तीच. क्षितिजाच्या जागी किंचित बाहेर काही परावर्तित करणारं असेल, तर मूळ कंपनानंतर असे प्रतिध्वनी यायला हवेत, असं मांडणारे लेख मी वाचले होते. २०१६ च्या अखेरीस काही संशोधकांनी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या नोंदींमध्ये तसे प्रतिध्वनी दिसत असल्याची शक्यताही मांडली होती. इतरांनी तपासल्यावर तो पुरावा पुरेसा ठरला नाही. पण माझ्याकडे तर आइन्स्टाइनचं साधं, स्वच्छ, क्षितिज असलेलं कृष्णविवर होतं. त्यातून काहीच परत यायला नको.

ग्रिड, म्हणजे ज्या बिंदूंवर गणित होतं त्यांचं जाळं, भरड असेल म्हणून ते दुप्पट बारीक केलं. फुगवटा जागचा हलला नाही. चौपट केलं. तसाच, उलट आणखी सुबक. साडेतीनला मी सरांना मेल लिहिली, पाठवली मात्र नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

सकाळी कँटीनमध्ये सर एकटेच चहा घेत होते. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवला.

"सर, प्रतिध्वनी येतोय."

"किती वेळाने?"

"दोनशे तीन."

त्यांनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत म्हणाले, "आतली बाउंडरी कुठे ठेवलीस गं?"

"उणे शंभरवर." एवढं बोलले आणि माझा आवाजच बसला. गणितातल्या ताणलेल्या अंतरात टेकडीचा माथा १.६ वर. तिथून उणे शंभरपर्यंत १०१.६. जाऊन येऊन २०३.

झालं होतं ते असं. या गणितात जो निर्देशक वापरतात त्याला कासवाचं नाव आहे. क्षितिजाकडे जाताना तो अंतर ताणत नेतो आणि क्षितिज उणे अनंतावर जाऊन बसतं. संगणकाला अनंत परवडत नाही, कुठेतरी कापावं लागतं. बाहेरच्या टोकाची मी पुरती काळजी घेतली होती. ते हजारावर होतं, तिथून काही परत यायच्या आत रन संपायचा. आतल्या टोकाला मात्र फक्त शून्य लिहून ठेवलं होतं, कारण तिकडे गेलेलं परत येत नाही हे मला माहीत होतं. कोडला माहीत नव्हतं. टोकाला क्षेत्र शून्य ठेवणं म्हणजे दोरी खुंटीला बांधणं. झटका पूर्णच्या पूर्ण परत येणार. सूर्याएवढं कृष्णविवर धरलं तर माझी खुंटी क्षितिजापासून प्रोटॉनच्या आकाराच्या काही हजाराव्या हिश्शावर ठोकलेली होती. त्या लेखांत कल्पिलेला आरसा मी नकळत बांधला होता. ग्रिड बारीक केल्यावर आरसा अजून लख्ख होणार, दुसरं काय! आणि तीन आठवडे तो दिसला नाही, कारण रुंद पुंजके टेकडी ओलांडून तिथवर पोचतच नव्हते.

"उणे दोनशेवर नेऊन बघ," सर म्हणाले, "आणि मग नीट कर."

नेलं. फुगवटा चारशे तीनवर गेला. मग त्या टोकाला लाट नुसती पुढे निघून जाईल अशी अट घातली. कोडमधली एक ओळ. रन पुन्हा लावला आणि जेवायला गेले.

परत आले तर फुगवटा नव्हता. रेघ सरळ खाली जात होती, आणि पूर्वी जिथे फुगवट्याखाली सगळं झाकलं जायचं तिथे ती हलकेच वळली होती. कंपन संपून मागे एक बारीक, लांबलचक शेपूट उरलं होतं, मूळ पुंजक्याच्या लाखाव्या हिश्शाहूनही लहान. रिचर्ड प्राइस यांनी १९७२ मध्ये दाखवलेलं हेच ते. टेकडीच्या बाहेरच्या लांब उतारावरून, दूरवरच्या वक्र अवकाशातून थोडाथोडा विखुरलेला प्रकाश अजून परत येत राहतो. आमच्या लाटेसाठी तो वेळेच्या पाचव्या घाताने कमी व्हायला हवा. मी दोन्ही अक्ष लॉगमध्ये केले आणि उतार मोजला. तो पाचकडे सरकत होता.

सरांना चित्र पाठवलं. उत्तर आलं: "छान. अक्षांना नावं दे."