आधी शिक्का बघा, मग फी भरा

दहावीचा निकाल लागला की पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती, मध्येच सोडलं तर परत किती, आणि मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर काय सवलत. या तिन्हींची उत्तरं कॉलेजच्या माहितीपत्रकात शोधत बसण्यापेक्षा आधी एकच गोष्ट विचारावी: कोर्स संपल्यावर जे प्रमाणपत्र हातात पडणार आहे, त्यावर शिक्का कुणाचा? नियम त्या शिक्क्याचा लागतो, कॉलेजच्या नावाचा नाही.

आयटीआय असेल तर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर तंत्रशिक्षण संचालनालय, परीक्षेसाठी तंत्रशिक्षण मंडळ आणि वर एआयसीटीई ही तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद. बी.व्होक. (कौशल्यावर आधारित पदवी) असेल तर विद्यापीठ आणि यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. यांपैकी कुणीच नसेल, तर तो खासगी क्लास, मग इमारतीवर 'कॉलेज' लिहिलेलं असो की 'अकॅडमी'. गंमत अशी की दोन्ही संचालनालयांचा पत्ता एकच, मुंबईत ३, महापालिका मार्ग, मेट्रो सिनेमाजवळ. आयटीआयची तक्रार घेऊन तंत्रशिक्षणाच्या टेबलापुढे तासभर उभं राहायचं नसेल, तर अर्जावर संचालनालयाचं पूर्ण नाव लिहून मगच आत शिरा.

फी भरताना पावतीत तीन आकडे वेगळे दिसले पाहिजेत: शिक्षण किंवा प्रशिक्षण शुल्क, इतर शुल्क आणि अनामत. 'एकूण प्रवेश फी' असा एकच आकडा लिहिलेली पावती घेऊ नका. कोर्स सोडताना अनामतीचा हिशेब वेगळा होतो आणि पावतीत ती दिसली नाही तर कारकून म्हणतो, "अनामत घेतलीच नव्हती." पावतीत १८ टक्के जीएसटी लावला असेल तर तिथेच थांबून विचारा. विद्यापीठाच्या पदवीच्या शिक्षणाला आणि आयटीआयच्या मान्य ट्रेडना जीएसटीतून सूट आहे. 'सरकारमान्य' म्हणणारी संस्था जीएसटी लावत असेल, तर ती मान्यता नेमक्या कशाला आहे ते कळायला हवं. आयएसओ किंवा एमएसएमई नोंदणी म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. भिंतीवर मात्र तीच फ्रेम सगळ्यात मोठी असते.

महाडीबीटीबद्दल, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलबद्दल, थोडक्यात. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि अनुदानासाठी ते खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं. घोडं इथेच पेंड खातं. घरातल्या कुणी मुलाच्या नावानं दुसरं खातं उघडून आधार तिकडे जोडलं, तर पैसे तिकडे जातात आणि मूळ खात्याचं पासबुक कोरंच राहतं. अर्ज करण्याआधी बँकेत नेमकं हेच विचारा. दुसरं, डिप्लोमाला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे सरकारकडून फीची भरपाई, मिळत नाही. त्यासाठी कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच, यावं लागतं. "जागा लगेच देतो" म्हणणारा माणूस हे सांगत नाही.

आता प्रवेश सोडण्याचं.

आयटीआयच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. त्यामुळे 'बघू, पुढच्या फेरीत इलेक्ट्रिशियन मिळेल' म्हणून पहिल्या क्रमांकावर वेल्डर टाकू नका. जो ट्रेड खरंच हवा तोच वर टाका. प्रवेश घेतल्यावर सोडायचा असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज, सोबत पावतीची प्रत, ओळखपत्र आणि पालकाची सही. अर्ज दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. परताव्याची तारीख त्या शिक्क्यावरून मोजली जाते. तुम्ही फोनवर कळवलं होतं की वर्गात निदेशकांना सांगितलं होतं, याला काडीचीही किंमत नाही. पोर्टलवरही प्रवेश रद्द झालेला दिसला पाहिजे, नाहीतर दुसरीकडे अर्ज करताना नाव अडकतं.

आयटीआयच्या अनामतीत आणखी एक खोच आहे. सोडताना कार्यशाळा, स्टोअर आणि ग्रंथालय या तिन्हींकडून नो ड्यूज लागतो. फिटर किंवा मशिनिस्टच्या मुलाच्या नावावर टूल किट दिलेला असतो: हातोडी, ट्राय स्क्वेअर, कानस, कधी सूक्ष्म माप घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर. गटातल्या चौघांनी एकच व्हर्निअर वापरला आणि नोंद एकाच्या नावावर असली, तर हरवलेल्या व्हर्निअरची किंमत त्याच्याच अनामतीतून जाते. म्हणून वस्तू घेताना स्टोअरच्या रजिस्टरात सही करता तशी परत करतानाही करा, आणि त्याच दिवशी.

यूजीसीचा हिशेब सगळ्यात स्पष्ट आहे, तरी तोच सगळ्यात जास्त चुकतो. २०१८ च्या अधिसूचनेत परतावा प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेवरून ठरतो, तुम्ही फी कधी भरली त्यावरून नाही. समजा बी.व्होक.ची फी २०,००० रुपये, अनामत १,००० आणि शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. १० ऑगस्टला अर्ज दिला तर पूर्ण फी परत. प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे हजार रुपये कापता येतात. २० ऑगस्टला दिला तर ९० टक्के, १८,०००. १० सप्टेंबरला ८० टक्के, १६,०००. २० सप्टेंबरला निम्मे, १०,०००. १ ऑक्टोबरला फीपैकी शून्य. १,००० ची अनामत मात्र प्रत्येक वेळी पूर्ण परत. १५ आणि १६ सप्टेंबर या लागोपाठच्या दोन दिवसांत सहा हजारांचा फरक पडतो, हे ध्यानात ठेवा. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. काही वर्षी यूजीसी वेगळं पत्र काढून पूर्ण परताव्याची मुदत वाढवतो. २०२४-२५ साठी ती ३० सप्टेंबरपर्यंत होती. म्हणून चालू वर्षाचं पत्र आधी बघा.

डिप्लोमाला प्रवेशाच्या अंतिम मुदतीआधी रद्द केलं तर १,००० रुपये कापून बाकीचे परत मिळतात. मुदत गेली की अनामतीशिवाय फारसं हाती लागत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला यूजीसी आणि एआयसीटीई दोघांचीही मनाई आहे. "उरलेल्या वर्षांची फी भरा, मग एलसी देतो" असं कुणी म्हटलं तर तेवढं वाक्य लेखी मागा. बहुतेकदा ते लेखी मिळत नाही, एलसी मिळतं.

खासगी क्लासचा मामला वेगळा. तिथे नियम म्हणजे तुम्ही सही केलेला कागद. त्याहून मोठी अडचण हप्त्यांची. 'सोप्या हप्त्यांत फी' म्हणजे पुष्कळदा वित्त कंपनीचं कर्ज असतं. क्लासला सगळी रक्कम पहिल्याच दिवशी मिळते आणि तुमच्या खात्यातून दरमहा ईएमआय जातो. क्लास सोडला म्हणून ईएमआय थांबत नाही, आणि चुकला की सिबिलवर डाग पडतो. फॉर्मवर सही करताना कर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे आणि मॅन्डेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) कुणाच्या नावे आहे ते वाचा. डिजिटल कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सुरुवातीला दंडाशिवाय माघार घेण्याची छोटी मुदत असते. ती कर्जाच्या माहितीपत्रकात छापलेली असते.

ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर हे माहीत असू द्या: राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना, व्यावसायिक अभ्यासक्रम देणाऱ्यांनाही, ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं. कोचिंग क्लास मात्र आत ठेवले. म्हणजे क्लासविरुद्ध आयोग, मान्य संस्थेविरुद्ध तिचं संचालनालय किंवा विद्यापीठ. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही. सरकारी आयटीआयकडून उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि ३० दिवस. "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढी एकच ओळ पुरते.

दिव्यांग विद्यार्थ्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे हक्क आहेत आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, आणि उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ५ टक्के जागा. सगळ्याचं मूळ यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन, तपासणी रुग्णालयात. मुंबईत जे. जे. आहे, हाजी अलीची पुनर्वसन संस्था आहे, ऐकण्याच्या अडचणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. सायन (शीव) किंवा नायर रुग्णालयाच्या एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिकचं जे पत्र दाखवून दहावीला सवलत मिळाली, ते राखीव जागेला चालत नाही. तिथे यूडीआयडीच लागतं, आणि ते हाती यायला वेळ जातो, म्हणून निकालाची वाट न बघता अर्ज करा.

ट्रेड निवडण्याआधी त्या ट्रेडच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत 'सामान्य माहिती'चा तक्ता उघडा. त्यात दिव्यांग पात्रतेची ओळ असते आणि एलव्ही, डेफ, एसएलडी अशी लघुरूपं असतात: अल्पदृष्टी, कर्णबधिर, अध्ययन अक्षमता. आपला प्रकार त्यात असेल तर "हा ट्रेड तुझ्यानं होणार नाही" या वाक्याला तोंडी वाद न घालता ते पान दाखवा. कोणता ट्रेड झेपेल याचा अंदाजच नसेल तर शीवला व्ही. एन. पुरव मार्गावरच्या एटीआय या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. जुनी मंडळी त्याला व्हीआरसी म्हणतात. क्षमतेची तपासणी तिथे मोफत होते.

प्रवेशानंतर प्राचार्यांना जे पत्र द्याल त्यात 'सहकार्य करावे' असं लिहू नका. सहकार्य कशानं होतं ते लिहा. व्हीलचेअर आहे आणि लिफ्ट नाही: थिअरीचा वर्ग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर घ्या, याला एक रुपयाही लागत नाही. अल्पदृष्टी आहे: ०.०२ मिमीच्या रेघा वाचायच्या व्हर्निअरऐवजी आकडा दाखवणारा डिजिटल कॅलिपर द्या. कर्णबधिर आहे: मशीनजवळ भोंग्यासोबत दिवा लावा. कायद्यात 'वाजवी सोय' नाकारायला कारण लागतं ते अवाजवी बोजाचं. मागणी जितकी नेमकी, तितकं ते कारण दाखवणं अवघड.

हजेरीही याच पत्रात घ्या. आयटीआयच्या परीक्षेला ८० टक्के हजेरी लागते. फिजिओथेरपीसाठी आठवड्यात एक दिवस जात असेल, तर सहा दिवसांतला एक म्हणजे जवळपास १७ टक्के तिथेच गेले. तापात दोन-चार दिवस काढले की संपलं. थेरपीची वेळ प्रात्यक्षिकानंतरची मिळते का ते बघा आणि रुग्णालयाचा कागद त्या-त्या आठवड्यातच निदेशकांकडे द्या. वर्षाअखेर एकत्र दिलेला गठ्ठा कुणी वाचत नाही.

लेखनिक आणि जादा वेळेसाठी केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४०. अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनी लेखनिक मागितला की तो द्यायचाच असतो. बाकीच्यांना जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र लागतं. लेखनिक स्वतः आणणार असाल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली हवं. संस्थेनं दिलेला असेल तर परीक्षेआधी दोन दिवस त्याला भेटायला मिळालं पाहिजे, आणि परीक्षा संगणकावर असेल तर आदल्या दिवशी संगणक तपासायलाही. ही भेट टाळू नका. 'टॉर्क' ऐकून 'टॉक' लिहिणारा लेखनिक आयत्या वेळी बदलता येत नाही.

सरकारी संस्थेत हे काहीच मिळालं नाही तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. असा अधिकारी नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. त्याचं नाव सूचना फलकावर नसेल तर तेच पहिल्या पत्रात विचारा. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याचं दिव्यांग आयुक्तालय. अर्जासोबत आवक शिक्क्याची ती जुनी प्रत जोडा.