दोन बोटं वर

रविवार, रात्र. मघाशी लाइट गेली होती, आता आहे.

तो खांब जमिनीला टेकलेला नाही. बाकी काही नाही, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी नवीन हॉटेल निघालंय. बोर्डावर 'वाडा' हा शब्द आहेच, आत कंदील आहेत, भिंतीला सूप टांगलंय, आणि मधोमध चार सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते, सागवानी खांब. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलं की एका खांबाचा पाय बरोबर नजरेसमोर येतो. खांब आणि टाइल यांच्यात दोन बोटांची फट. पोऱ्या पोछा मारत आला, पोछा फटीतून या बाजूने त्या बाजूला गेला, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

तो तात्यांच्या माजघरातला नाही. घरी तीनदा सांगून झालं. तात्यांचे चौकोनी होते. तेव्हा तो विषयच नाही.

मग विषय काय?

खांब कशासाठी असतो ते आधी लिहून काढतो, म्हणजे कदाचित कळेल. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर खणांवर मोजतात. दहा खणांचं, बारा खणांचं. चार खांबांच्या मधला तुकडा म्हणजे खण. खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचण, म्हणजे फळकुटं दाटीने रचलेली, त्यावर ओल्या मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. काळी चालत नाही. काळी उन्हाने तडकते, भेगा पडतात, पहिल्याच पावसात घर गळायला लागतं. पांढरी बारीक असते, जराशी खारी असते, तिच्यावर गवत सहसा धरत नाही आणि चोपली की दबून बसते. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर चढायचं, उगवलेलं उपटायचं, भेगा बुजवायच्या, नवी पांढरी टाकून पन्हाळीकडे उतार द्यायचा. यात एक गोम आहे. माती दरवर्षी वर पडते, खाली कुणी काढत नाही. आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी हातभर झालेला असतो.

हिशेब करून पाहिला. पाच फूट बाय दहा फुटांचा खण आणि एक फूट माती धरली तर 50 घनफूट. कोरडी माती घनफुटाला साधारण 45 किलो भरते. म्हणजे एका खणावर सव्वादोन टन, आणि पावसात भिजली की त्याहून जास्त. मधल्या खांबाच्या वाट्याला जवळपास एक अख्खा खण येतो. आठ इंची, आठ फुटी खांब चौकोनी धरला तर साडेतीन घनफूट लाकूड, वजन पासष्ट किलोच्या आसपास. पासष्ट किलोचा गडी सव्वादोन टन डोक्यावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. आता त्याला स्लॅबमधून उतरलेल्या लोखंडी पट्टीने आणि चार बोल्टांनी धरलंय.

हेच खुपतंय का? असावं. पण पुरतं हेही नाही.

कारण माळवदाचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. किल्लारी, सास्तूर. पहाटे चारच्या आसपास ज्या छपरांनी माणसं गाडली ती हीच. रुंद दगडी भिंती, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये माती आणि चिपा भरलेल्या. दोन्ही थरांना शिवणारे आरपार जोडदगड नव्हते. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून फुगून सुटतात, भिंत पोटातून फुटते आणि वरची हातभर माती खाली येते. तरी कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि आतला खणांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला, ओझ्यासकट. नंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची हिंमत बऱ्याच घरांची गेली ती गेलीच. तेव्हा गल्लीतल्या कुणी घर पाडलं तर त्याला नावं ठेवायचा हक्क निदान या रोजनिशीला नाही. नानींनी पाडलं, बरं केलं.

पाडायचीही रीत असते. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुऱ्याच्या आतल्या बोळांत जेसीबी शिरत नाही, म्हणून काम हाताने. आधी दारं, चौकटी, कोनाड्यांची झाकणं. मग माळवदावरची माती, घमेल्याने, आणि ती सगळ्या खणांवरून सारखी उतरवायची. एका बाजूची आधी काढली तर ओझं तिरपं होतं, कुजकी भिंत बाहेर झुकते आणि शेजाऱ्याशी भांडण लागतं. मग किलचण, कड्या, तुळया, आणि भिंती शेवटी. घाई करून कुणी भिंत आधी ओढली तर सगळं अंगावर येतंच, शिवाय तुळया मोडतात, आणि मोडक्या तुळईला सरपणाचा भाव. मोडीचा सौदा करणारा सगळं घनफुटात बघतो. सागाच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही, कडेचा पांढरा भाग मात्र ती खाते, म्हणून तो किकऱ्याने टोचून टोचून पाहतो आणि खाल्लेलं वजा करतो. नक्षी असेल तर मात्र घनफूट सुटतं आणि नगावर भाव सुरू होतो. केळफुलाची नक्षी, मोठा दरवाजा, जुने कडीकोयंडे. ही गिऱ्हाइकं पूर्वी मुंबई-पुण्याची असायची. आता गावातलीच आहेत. हॉटेलवाले.

त्या जागी जे उभं राहतं त्यात खाली हॉटेल का, यालाही कारण आहे, नुसता शौक नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमांनी किती बांधायचं ते रस्त्याच्या रुंदीवर ठरवलं. मंजूर बांधकामाच्या वर जे जास्तीचं मिळतं ते घरांना साठ टक्के आणि दुकान-हॉटेलाला ऐंशी. वाटण्या चार भावांत, तोंड रस्त्यावर, मग तळमजला राहायला ठेवण्याइतका वेडा कोण? कॅनॉट भागात हे केव्हाच झालं. सिडकोतल्या रो-हाऊसांच्या पुढच्या खोल्यांत आता कॉफी मिळते. जुन्या शहरात ते उशिरा आलं इतकंच. गल्लीत रुंदीकरणात ओसऱ्या गेल्या तेव्हा कोण रडलं होतं?

पण खांब.

दुपारभर असं वाटत होतं की आपण तो खांब आहोत. हसू येतं लिहिताना, पण वाटत होतं. पॉलिश करून, खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, चांगल्या उजेडात उभं केलेलं, आणि ओझं काहीच नाही. सल्ला कुणी विचारत नाही, माती किती टाकायची कुणी विचारत नाही. लोक येतात, पाठ टेकतात, फोटो काढतात. ज्या भोकांना लांबी भरली तिथे पाळण्याची कडी असणार, बंगईचा आकडा असणार. सँडपेपरने ते सगळं एका रंगाचं झालंय. घरात जवसाचं तेल पाजलेलं लाकूड काळपट, मऊ दिसतं, हात फिरवून फिरवून गुळगुळीत. हे चकचकतं. एकटेपणाविषयी आणखी एक पान लिहिता येईल. नको.

शिवाय जेवण चांगलं होतं. हे लिहायला जड जातंय.

नावं ठेवायची तयारी करूनच गेलो होतो, आणि येसरापाशी, म्हणजे आमटीत घालायच्या भाजक्या धान्या-मसाल्याच्या पिठापाशी, पकडायचं ठरवलं होतं. हॉटेलवाले येसरातच फसतात. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, कारण बाजरी पटकन करपते आणि डाळ मागे राहते. धने, जिरे, दगडफूल, तेजपान, सुकं खोबरं हेही वेगळं. एकत्र दळायचं, पण पिठासारखं बारीक नाही, जरा रवाळ. आमटीला लिटरभर पाण्यामागे चार मोठे चमचे, आणि ते आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्यायचे. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आत कच्च्या, बाहेर चिकट, आणि मग वाढपी कितीही ढवळो. उकळी आल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं तरी ठेवायची, वर तेलाचा तवंग दिसेपर्यंत. घाईवाले हॉटेलवाले बेसन लावून दाट करतात, ते जिभेला लगेच कळतं. इथे बेसन नव्हतं. गुठळी नव्हती. तवंग होता. भाकरीही विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची नव्हती, कडेला तडकली नव्हती, फुगली होती. कोथिंबिरीवर दोन काजू टाकले होते, तेवढं एक सापडलं. ते बाजूला काढून ठेवलं, जणू फार मोठा पुरावाच.

मोठ्या हंड्यातली लग्नातली येसर आमटी आणि ही, दोन्हींत फरक होता का? होता. पण तो लग्नाचा असावा.

संध्याकाळी परत तिकडून जाताना राहवलं नाही. आत सुतार एका टेबलाचा पाय ठोकत होता, आपला शहागंजचा, बोलणं तिकडचंच. खांब खाली का टेकवला नाही म्हणून विचारलं. मनात होतं की तो म्हणेल, खांब आखूड पडला. तेही खरंच आहे. माळवदाची उंची साडेसात-आठ फूट, हॉटेलाचा स्लॅब अकरा-बारा फुटांवर, जुना खांब पुरणार कसा? वर खोटी तुळई देऊन तो टांगावाच लागतो. पण त्याने वर पाहिलंच नाही. खाली बोट दाखवलं. "रोज पानी मारते ना चाचा. सड़ जाता."

घरी येईपर्यंत ते डोक्यात फिरत राहिलं. बरोबर आहे त्याचं. लाकूड बाजूने पाणी कमी पितं, कापलेल्या तोंडाने भरपूर पितं. शिरा उभ्या असतात, खालून ओल मिळाली की वातीसारखी वर चढते. टाइलवर दिवसातून तीनदा फिनेलचा पोछा, त्यात खांबाचं तोंड टेकवून ठेवलं तर साग झाला तरी काही वर्षांत खालून काळा पडेल, भुसा होईल. म्हणूनच जुन्या घरात खांब जमिनीला टेकलेला कधीच नव्हता! खाली तळखडा असायचा, घडीव दगडाचा, वीतभर उंच. त्याच्या माथ्याला भोक, खांबाच्या बुडाला कुसू, तो त्यात बसायचा. सारवण दगडापर्यंत. लाकूड जमिनीपासून वरच. इतकी वर्षं बघूनही आपल्या डोळ्यांना तो टेकलेलाच दिसत होता.

म्हणजे दुपारी ज्या फटीपायी आमटी गार केली, ती फट सुतारकामातली सगळ्यात जुनी गोष्ट निघाली. पूर्वी दगड ठेवून अंतर राखायचे, आता बोल्ट लावून. चार पुस्तकं वाचलेल्यापेक्षा शहागंजच्या पोराला जास्त कळतं, हे मान्य करायला तास लागला. आता लागत नाही. आता जरा गंमत वाटतेय.

तळखडे कुठे गेले तेही दिसलं. दारात आहेत, दोन, पालथे. वर मनीप्लांटच्या कुंड्या. तिसऱ्यावर, जो सुलटा आहे, गिऱ्हाइकं चपला काढताना हात टेकतात. त्याच्या भोकात बडीशेपेचे दाणे आणि टूथपिकं.

ओझं सव्वादोन टनांचं नाही ते नाहीच. तेवढं खुपत राहणार, राहू दे.

दुसरं एक जास्त निकडीचं आहे. त्यांच्या मोरीचं पाणी सरळ गल्लीच्या चेंबरमध्ये सोडलंय. मध्ये तेल अडवायची टाकी असेल तर दिसली नाही, आणि असली तरी आठवड्याला कुणी उपसणार नाही. उपसली नाही की ती तेलाने भरते आणि पुढचं तेल तिच्यावरून सरळ पुढे जातं. गरम पाण्यात तेल वाहून जातं, दहा-पंधरा फुटांवर गार झालं की पाइपाला मेणासारखं धरतं, त्यावर भाताची शितं, त्यावर चहापत्ती. लाइन जुनी, घरांच्या अंघोळी-भांड्यांपुरती टाकलेली. मृग लागायच्या आत झाकण उघडून बांबू घालून बघायला हवं. उद्या सकाळी त्यांच्या मॅनेजरला गाठतो. खांबाचं काही बोलायचं नाही.