रोजनिशी : कोऱ्या रकान्यातली पोरं

साडेअकरा वाजून गेलेत, झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. आज दिवसभर एकच ग्राफ परत परत काढत होते. पालघर जिल्ह्यातल्या काही अंगणवाड्यांचा महिनावार वजनांचा डेटा आमच्याकडे आहे, सहा वर्षांखालची पोरं, आणि त्यात सॅम म्हणजे तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाण दिवाळीनंतर उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत चढायचं. दरवर्षी तसंच. इतकं स्वच्छ दिसत होतं की गेल्या महिन्यात मी रिपोर्टच्या ड्राफ्टमध्ये लिहून पण टाकलं, भात घरात आला की पोरांचं खाणं सुधारत असावं म्हणून. टीममध्ये सगळ्यांना पटलं, पटण्यासारखंच होतं ते.

मग गेल्या आठवड्यात मोखाड्याकडे एका पाड्यावर गेले. वजनाचा दिवस होता. अंगणवाडीच्या दारात आढ्याला काटा टांगलेला, मदतनीस बाई एकेक पोर झोळीत घालतायत, आणि पोर झोळीत गेलं रे गेलं की रडायला लागतं, पाय झाडतं, काट्याची सुई नऊच्या पुढेमागे नुसती नाचत राहते. अंगणवाडीच्या सेविका ताई दोन क्षण वाट बघतात, सुई थांबतच नाही, मग साडेनऊ लिहितात आणि पुढचं पोर घेतात. माझ्या लॅपटॉपवर हीच वजनं ९, ९.५, १० वर मनोऱ्यासारखी उभी राहतात आणि मी कित्येक महिने त्याच्यापुढे ‘डेटा क्वालिटी खराब’ असा शेरा मारून मोकळी होत होते. आता तो शेरा काढलाय. खराब काही नाहीये, रडणारं पोर आहे आणि एका बाईला सकाळच्या वेळात सगळ्यांची वजनं उरकून परत गरम जेवण वाढायचंय. पण १०० ग्रॅमच्या फरकानं मूल मॅममधनं, म्हणजे मध्यम कुपोषितातनं, सॅममध्ये जातं हेही खरं आहे, त्यामुळे सीमेवरच्या मुलांचा हिशोब आता वेगळा मांडायला हवा.

खरी गोष्ट मात्र पुढेच घडली. ताईंचं रजिस्टर बघत होते, नावं डावीकडे, महिने वर, आणि बऱ्याच नावांपुढे डिसेंबरपासनं रकाने कोरे. कोरे म्हणजे अगदी कोरे नाहीत, बारीक पेन्सिलनं ‘स्थ’ लिहिलेलं. मी विचारलं, ताई, हे काय? त्या म्हणाल्या, “स्थलांतर हो मॅडम. ती सगळी वीटभट्टीवर गेलीत, भिवंडीला, वसईला. दिवाळी झाली की शेठची माणसं येतात, उचल देतात, मग नवरा-बायको दोघं जातात, पोरांना कुणाकडे ठेवणार? होळीला येतील चार दिवस, मग थेट पावसाच्या आधी.” आणि रजिस्टर मिटता मिटता म्हणाल्या, “ज्यांच्या घरात दाणा नाही तेच जातात ना.”

मी तिथेच बसून राहिले. कारण ते ‘स्थ’ माझ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. एक्सेलमध्ये टाइप करताना तिथे रिकामा सेल झाला, आणि माझ्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला एक ओळ आहे, वजन नसेल ती रो काढून टाक. सगळेच लिहितात ती ओळ, मी तर न बघता लिहिते. म्हणजे सगळ्यात गरीब घरातली पोरं डिसेंबरात गावातनं गेली, मी त्यांना टेबलमधनं काढलं, मागे राहिलेली जरा बरी पोरं होती म्हणून टक्केवारी उतरली, आणि त्या उतरण्याला मी सुधारणा म्हणाले. हे सरकारी टेबलावर गेलं असतं तर? हिवाळ्यात जास्तीच्या आहाराची तितकी गरज नाही असं कुणीतरी त्यातनं काढलंच असतं, आणि माझ्या ग्राफचा दाखला दिला असता. हा विचार डोक्यातनं जात नाहीये.

आज मग फक्त तीच मुलं घेतली जी बाराही महिने गावात होती. हिवाळ्यातला तो उतार जवळजवळ गायबच झाला. नंतर गेलेल्या पोरांचं जायच्या आधीचं शेवटचं वजन आणि परत आल्यावरचं पहिलं वजन शेजारी शेजारी ठेवलं, संख्या कमी आहे त्यामुळे छातीठोक काही बोलत नाही, पण बघवत नाही. रिपोर्टमध्ये आता एक आकडा नाही देणार, पट्टा देणार. गेलेली सगळी पोरं धडधाकट धरली तर इतकं, सगळी सॅममध्ये धरली तर इतकं, खरं यांच्या मधे कुठेतरी. आमचे सर म्हणाले, एवढा रुंद पट्टा बघून अधिकारी म्हणतील तुम्हाला काहीच माहीत नाही. मला त्यांचं म्हणणं कळतं, मीटिंगमध्ये दहा मिनिटं मिळतात आणि लोकांना एक आकडा हवा असतो. पण पट्टा रुंद आहे कारण एवढी पोरं कुणीच मोजली नाहीत, हीच तर बातमी आहे!

देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेचा एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, आम्ही उठता बसता वापरतो, महाराष्ट्रात उंचीच्या मानानं वजन कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं २०१५-१६ ला २५.६ टक्के आणि २०१९-२१ च्या फेरीत पण २५.६ टक्के. त्या दुसऱ्या फेरीचं महाराष्ट्रातलं फील्डवर्क जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. म्हणजे बराचसा काळ लोक गावात असतानाचा. हे मला आधी माहीत होतं, पण त्याचा काही अर्थ लागत नव्हता, आता लागतो. आणि जनगणना अजून २०११ चीच, तेव्हा पालघर जिल्हाच नव्हता, १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातनं वेगळा झाला, शिवाय पाड्यांना स्वतंत्र नोंद नाही, एका महसुली गावात डोंगराच्या अल्याडपल्याडचे पाच-सहा पाडे एकाच नावाखाली. ते गावांचे कोड जुळवण्यात माझे किती आठवडे गेले ते मोजलेच नाहीत.

अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासनं लिहिलंय की सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या अंगणवाडीतनं फुकट आहार मिळाला पाहिजे. जवळच्या. भट्टीवर राहणाऱ्या पोराला जवळची म्हणजे भट्टीजवळचीच ना, पण त्याचं नाव मोखाड्याच्या रजिस्टरात ‘स्थ’ होऊन थांबलेलं. म्हणून शिफारशीत पहिली ओळ हीच घालणार आहे, की ‘वजन नाही’ याच्या जागी कारणाचा वेगळा कॉलम हवा, आणि कारण स्थलांतर असेल तर कुठे गेलं तेही. ताईंना ते तोंडपाठ असतं, फक्त कुणी विचारत नाही.

कोडमधली ती ओळ आज काढली. सकाळी ताईंना फोन करायचाय, ‘स्थ’वाल्या पानांचे फोटो पाठवते म्हणाल्यात, मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं कपाटात आहेत का तेही विचारायचंय. नऊच्या आधी करायला हवा, अंगणवाडीत रेंज नाही, त्या वर टेकाडावर असतात तेव्हाच लागतो.